अवॉर्ड बघून देश निवडू नकोस, भावा

भावा, तुझा मेसेज नीट वाचला. तू विचारायलास ते थोडक्यात असं, की कोल्हापुरात फॅशनची डिग्री संपत आलीय, घरचे लोन काढायला तयार आहेत, आणि न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस यातनं जिथली अवॉर्डं सगळ्यात वजनदार तिथंच जायचं, कारण तुला नुसता डिझायनर नाही तर लेजंड व्हायचंय. आणि खाली एक ओळ, दादा, लेजंड नक्की कशानं होतात. मी लंडनात पॅटर्न कटर आहे, म्हणजे दुसऱ्यानं काढलेलं चित्र अंगावर बसेल असं कापून द्यायचं काम माझं, त्यामुळं उत्तर जरा कात्रीच्या बाजूनं येणार, ते धरूनच वाच.

आधी अवॉर्डांचं मिटवून टाकू. ती कोण देतं आणि कशापायी देतं हे कळलं की निम्मी भुरळ उतरते. अमेरिकेत ही प्रथा बसवली एलिनॉर लॅम्बर्ट नावाच्या बाईनं, आणि बाई शिवणारी नव्हती, पीआर करायची. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं, तिकडची फॅशन अमेरिकेत यायची थांबली, मग आपल्याच डिझायनरांना कुणीतरी मोठं म्हणायला पाहिजे म्हणून 1942 ला कोटी अवॉर्डची टूम निघाली, कोटी म्हणजे सेंट-पावडरची कंपनी बरं का. पुढं 1962 ला याच बाईनं सीएफडीए ही डिझायनरांची संघटना काढली, आज तू ज्या सीएफडीए अवॉर्डचं नाव घेतलंयस ते तिचंच. मेट गाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी पैसे उभे करायचा जलसा, तो पण तिनंच 1948 ला सुरू केलेला. ब्रिटनमध्ये ब्रिटिश फॅशन कौन्सिल 1983 ला झाली आणि पुढच्याच वर्षी पहिली डिझायनर ऑफ द इयर निवडली, कॅथरिन हॅमनेट. आता त्याला द फॅशन अवॉर्ड्स म्हणतात, रॉयल अल्बर्ट हॉलला होतात, आणि तो कार्यक्रम कौन्सिलला पैसे उभे करायला पण असतो. यात वाईट काय नाही, धंदा आहे, धंद्यानं धंद्याचा सत्कार करायचा. फक्त निवडणारी माणसं बहुतेक इंडस्ट्रीतलीच असल्यामुळं ज्याच्या मागं मोठं फॅशन हाउस, म्हणजे मोठी कंपनी, त्याचं काम सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहतं. जोनाथन अँडरसन 2023 आणि 2024 असा लागोपाठ डिझायनर ऑफ द इयर झाला, माणूस हुशार आहे वादच नाही, पण तेव्हा तो लोएवे ही स्पेनची जुनी कंपनी सांभाळत होता, मागं एलव्हीएमएच हा फ्रान्सचा महागड्या ब्रँडांचा अवाढव्य समूह उभा, आणि एका खोलीत दोन मशिनी टाकून बसलेल्या पोराची त्याच्याशी कुस्ती लागतच नाही.

तुझ्या वयाला कामाची बक्षिसं वेगळी. एलव्हीएमएच प्राइझ 2014 पासून देतात, वय 40 च्या आत पाहिजे, निदान दोन कलेक्शन झालेली पाहिजेत, मुख्य बक्षीस आता 4 लाख युरो आणि वर त्यांच्या माणसांचं मार्गदर्शन. दुसरं वूलमार्क, लोकरवाल्यांचं. हे 2014 ला राहुल मिश्राला मिळालं, पहिलाच भारतीय, कानपूरजवळच्या खेड्यातला, आधी फिजिक्स शिकलेला आणि मग अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेतला. 2016 ला मेन्सवेअरमध्ये सुकेत धीरला. दोघांचंही काम भारतातनंच चालायचं. आता तूच सांग, या बक्षिसांसाठी देश सोडायची गरज कुठं आली?

वूलमार्कची जुनी गोष्ट तुला माहीत असेल तर परत ऐक, कारण सगळे ती अर्धीच सांगतात. 1954 ला पॅरिसमध्ये लोकरवाल्यांची स्पर्धा झाली, ड्रेसमध्ये इव्ह सां लोराँ पहिला आणि कोटात कार्ल लागरफेल्ड, दोघं पोरंच होती तेव्हा. लोक म्हणतात बघा, एकाच स्टेजवर दोन लेजंड. पण त्या बक्षिसानं झालं काय, तर लागरफेल्डला पॅरिसच्या बाल्माँ या फॅशन हाउसमध्ये असिस्टंटची नोकरी मिळाली आणि सां लोराँ 1955 ला तिथल्याच दिओरकडं लागला. म्हणजे बक्षिसानं त्यांना वर्करूमच्या दारात नेऊन सोडलं. पुढची वर्षं तिथं राबण्यात गेली, आणि जे काय झालं ते त्या राबण्यातनं झालं.

एक बक्षीस मात्र मला मनापासून पटतं आणि त्याचं नाव फारसं कोण घेत नाही, बेल्जियमचं गोल्डन स्पिंडल. तिथला कापड धंदा बसत चालला होता म्हणून 1980 च्या सुमाराला सरकारनं योजना काढली आणि त्यातनं ही स्पर्धा निघाली, 1982 ला पहिली ॲन डेम्युलेमेस्टर जिंकली. पोरांची गाठ थेट कापड गिरण्यांशी आणि कारखानदारांशी घालून दिली. तिथल्याच अँटवर्प शहरातली पोरं, सहा जण, 1986 ला व्हॅनमध्ये माल टाकून लंडनला आली, नावं कुणाला उच्चारता येईनात म्हणून अँटवर्प सिक्स म्हणून गाजली. इचलकरंजीचे माग विकायला निघालेले बघितले की मला दरवेळी हे आठवतं, असो, तो विषय वेगळा.

आता लेजंड. माझी कसोटी एकच आहे, त्या माणसानंतर बाकीच्यांना कपडा वेगळा कापावा लागला का? बास. पॅरिसची मादलेन व्हिओने घे, बाईनं अख्खा ड्रेसच उरेब कापला. आपल्याकडं उरेब पट्टी गळ्याला, मुंढ्याला म्हणजे बाही जोडतात त्या भोकाला लावतात, तेवढंच माहीत असतं, पण सगळं कापड तिरकं धरलं की ते ताणतं, अंगाबरोबर उतरतं, टीप न मारता आकार घेतं आणि शिवणाऱ्याच्या नाकी नऊ आणतं, कारण टांगून ठेवलं की रात्रीत लांब होतं आणि खालची कड परत सारखी करायला लागते. आज बाजारात सॅटिनचा जो स्लिप ड्रेस दिसतो तो तिच्याच उपकारावर चाललाय. जपानचा इस्से मियाके घे, तो ग्राफिक डिझाइन शिकलेला. त्यानं आधी कपडा मोठा शिवला, मग कागदात घालून दाबून गरम करून प्लीट पाडल्या, म्हणजे क्रमच उलटा केला, त्यामुळं प्लीट मोडत नाहीत आणि इस्त्री लागत नाही. तुझ्या कॉलेजात कुणीतरी कपडा आधी शिवून मग प्लीट पाडल्या असतील तर ते पण त्याचंच देणं.

अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरचं नाव तू दोनदा लिहिलंयस. चार वेळा ब्रिटिश डिझायनर ऑफ द इयर, पहिलं 1996 ला, बरोबर. पण तो टॅक्सी ड्रायव्हरचा पोरगा सोळाव्या वर्षी सॅव्हिल रो या लंडनच्या सूट शिवणाऱ्यांच्या गल्लीत अँडरसन अँड शेपर्ड या दुकानात कोट शिवायला लागला होता हे वाच आधी. त्या दुकानाची खासियत म्हणजे मुंढा बारीक आणि उंच, आणि वरची बाही ऐसपैस. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा मोठा ठेवायचा आणि ते जास्तीचं कापड धावदोरा घालून, वाफेवर, बोटानं मुरवत मुरवत आत बसवायचं, एक चुणी दिसली की उसवायचं. बसलं की हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. हे ज्याच्या बोटात गेलंय त्यानं पुढं रॅम्पवर कितीही वेडेपणा केला तरी कपडा आतनं पक्का असतो. 2011 ला मेटमध्ये त्याच्या कपड्यांचं प्रदर्शन लागलं तेव्हा साडेसहा लाखांवर लोक आले, तो गेल्यावर वर्षानं, आणि त्यातल्या कितीजणांना त्याची अवॉर्डं माहीत असतील?

मग शिवता आलं की लेजंड, असं पण नाही हं. जपानची डिझायनर रेई कावाकुबो फॅशन शिकलेलीच नाही, कला आणि साहित्य वाचून आलेली. 1981 ला पॅरिसला पहिला शो केला आणि नंतर भोकं पडलेले स्वेटर दाखवले तर लोक हसले, चिडले, आणि पुढची चाळीस वर्षं तिचीच नक्कल करत बसले. पण तिनं पॅटर्न कटर असे धरून ठेवले की ती एक कागद चुरगाळून देणार आणि त्यांनी त्यातनं कपडा काढायचा. म्हणजे हात कुणाचा तरी लागतोच, आपला नाहीतर दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याचा असला तर त्याला पगार वेळेवर द्यावा. मी सुरुवातीला एका स्टुडिओत होतो, तिथल्या डिझायनरनं अवॉर्डच्या रात्री स्टेजवर हातात ट्रॉफी धरून टीमचे आभार मानले आणि टीमचा त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात झाला. नाव सांगत नाही.

आणि कोल्हापूरच्या पोरानं लेजंड म्हणताना भानू अथय्या विसरावी हे मला जरा लागलंच. आपल्या गावची पोर, राजोपाध्यांची, वडील चित्रकार. जेजेची गोल्ड मेडलिस्ट. ‘गांधी’साठी 1983 ला जॉन मोलोबरोबर ऑस्कर, पहिली भारतीय. आता कॉस्च्युम वेगळं आणि फॅशन वेगळं हे मान्य, पण माझी कसोटी लाव. ‘ब्रह्मचारी’त मुमताजला तिनं जी शिवलेली नारिंगी साडी नेसवली तिच्या नकला गावोगावच्या टेलरांनी केल्या, आणि ती 1968 ची, ऑस्करच्या कितीतरी आधीची. ऑस्करची बाहुली तर तिनं 2012 ला अकादमीला परत देऊन टाकली, इथं नीट राहायची नाही म्हणून. ट्रॉफीचं काय करायचं ते बाईला बरोबर कळलं होतं.

चप्पलचं पण बोलतोच. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर चालवली, कोल्हापूरचं नाव नाही, मग आरडाओरडा झाल्यावर मान्य केलं आणि त्यांची माणसं कोल्हापूरला आली. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, ना खिळा ना काय, चामड्याच्याच वादीनं शिवलेली, जीआय, म्हणजे मूळ कुठलं ते सांगणारा सरकारी शिक्का, मिळाला 2019 ला. माझ्या कसोटीवर ती चप्पल व्हिओनेच्या शेजारी बसते, आणि सुभाषनगरात ती शिवणाऱ्याला आजवर कुणी अल्बर्ट हॉलला बोलावलं नाही. तू बाहेर जाणारच असशील तर जायच्या आधी तिथं महिनाभर बस, एवढं माझं ऐक. कुठलं कॉलेज हे शिकवत नाही आणि इंटरव्ह्यूला तुझ्याकडं बोलायला दुसऱ्याकडं नसलेलं काहीतरी राहील.

आता व्यवहाराचं, पटापट. लंडनला आलास तर स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम, आणि स्वतःचा धंदा अजिबात नाही, म्हणजे इन्स्टावर आपल्या लेबलचे कपडे विकणं पण बसत नाही. बरेच जण हेच स्वप्न घेऊन येतात आणि इथं आल्यावर कळतं. लेबल करायला बहुतेक जण शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा घेतात, तो 2 वर्षांचा आहे पण 1 जानेवारी 2027 पासून डिग्रीवाल्यांना 18 महिन्यांचाच, म्हणजे तुझ्या वाट्याला 18 धर. 9 महिन्यांचा राहायचा खर्च खात्यात 28 दिवस दिसला पाहिजे, हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांसाठीची फी, वर्षाला 776 पौंड वेगळा, आणि फायनल कलेक्शनचं कापड, बटणं, कुणाकडनं शिवून घेतलं तर ती शिलाई, सगळं पदरचं. लोन काढताना हा आकडा कुणी धरत नाही. अवॉर्डचा खरा उपयोग पुढं होतो, व्हिसाला. ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट व्हिसा फॅशनवाल्यांना आर्ट्स कौन्सिल इंग्लंडच्या शिफारशीवर मिळतो, तपासायला ब्रिटिश फॅशन कौन्सिल, आणि अमेरिकेचा ओ-1 पण असाच, तिथं बक्षीस, नामांकन, पेपरात आलेलं, दुकानांच्या ऑर्डरी हे सगळं पुरावा म्हणून लागतं. तेव्हा बक्षिसांना अर्ज जरूर कर, फाइल जाड होते.

कुठलं शहर विचारशील तर मी कोर्सचं पत्रक उघडून फक्त एक बघीन, पहिल्या वर्षी पॅटर्न कटिंगचे तास किती आणि वर्करूममध्ये टेक्निशियन किती. लंडनच्या सेंट मार्टिन्स कॉलेजचं नाव मोठं, ते तुला कल्पनेला ताण देतील, पण कटिंग येत नसेल तर तिथं हात धरून शिकवायला कोण बसलेलं नाही. कटिंग कच्चं असेल तर एक वर्ष थांब, मुंबईला किंवा कोल्हापुरातच एखाद्या सूट शिवणाऱ्या मास्तरकडं बस, शाहूपुरीत असतील अजून जुने लोक.

पोर्टफोलिओत स्केच कमी कर, भावा. मॉडेलचे लांब पाय काढलेली चित्रं इथं रोज शेकड्यानं बघतात. आपल्या गांधीनगरच्या बाजारातनं मांजरपाट घे, तुझं आवडतं एक जॅकेट त्यात अर्ध्या अंगाचं, म्हणजे डावी नाहीतर उजवी एकच बाजू, उभं कर, बाहीसकट, आणि पुढनं, मागनं, बाजूनं आणि उलटं करून आतनं असे फोटो मला पाठव. मुंढ्याचा फोटो जवळनं काढ आणि इस्त्री करून झाकू नकोस. मग फोनवर बोलू, रविवारी तुमच्या संध्याकाळी मी मोकळा असतो.