मुंबई ते लंडन: तिकिटावर साडेचार तास, मग दहा तास कुठून आले?

प्रश्न: आई नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदाच एकटी लंडनला भावाकडे चाललीये, डायरेक्ट फ्लाइट आहे. जाताना मुंबईहून रात्री २ ला निघून सकाळी ६.३० ला पोचते असं तिकिटावर दिसतंय आणि येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३० ला. म्हणजे जायला साडेचार तास आणि यायला साडेचौदा? अंतर ७,२०० किमी आहे म्हणे, मग ताशी ९०० ने आठच तास व्हायला हवेत ना? आईला शुगर आहे, गोळ्यांच्या वेळा ठरवायच्यात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते, सगळा घोळ तिथेच होतो. नोव्हेंबरमध्ये लंडन आपल्या ५.३० तास मागे असतं, त्यामुळे जाताना साडेचारात साडेपाच मिळवा, झाले दहा तास, आणि येताना साडेचौदातून साडेपाच वजा करा, नऊ राहिले. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा हाच फरक ४.३० तासांचा धरायचा.)

आता आठ का नाही? ७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर आहे, विमान काही तसंच्या तसं जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंदी घातली, त्यामुळे थोडा वळसा पडतोच. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं आलं. हीथ्रोवर तर उतरायला गर्दी असली की विमानं हवेतच घिरट्या घालत थांबतात.

आणि जाताना-येताना जो तासाभराचा फरक आहे तो वाऱ्याचा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, काही ठिकाणी ताशी २०० किमीच्याही वर, आणि थंडीत तो जास्त जोरात असतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. विमानाचा हवेतला वेग तोच, पण जमिनीच्या हिशोबाने कमी-जास्त होतो, त्यामुळे नुसतं अंतर भागिले वेग करून प्रवासाचा वेळ कधीच नीट निघत नाही.

गोळ्यांचं मात्र मनाने ठरवू नका. जाताना आईचा दिवस साडेपाच तासांनी लांबतो आणि येताना तेवढाच आखूड होतो, हे दोन्ही वेळापत्रक कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा आणि कुठली गोळी कधी ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. विमानात असेपर्यंत आईचं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू दे, गोंधळ होत नाही. गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन हँडबॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको, आणि सोबत खायला काहीतरी द्या कारण जेवण कधी येईल त्याचा नेम नसतो. दहा तास एका जागी बसून पाय सुजतात, तर अधूनमधून उठून चालायला सांगा. व्हीलचेअर हवी असेल तर एअरलाइनला आधीच कळवा, आणि भावाला सांगा की ६.३० ला विमान पोचलं तरी इमिग्रेशन आणि बॅगा होऊन आई बाहेर यायला तास-दीड तास लागू शकतो, तेवढ्यात फोन लागला नाही तर घाबरू नये.