देवगिरीचा भार, पण गोंगाट नको

प्रश्न : देवगिरी किल्ल्यावर वाद्यवृंदासाठी रचना करतोय. डोंगराचा भार दाखवायला चेलो, डबल बास, ट्रॉम्बोन खर्जात एकत्र वाजवले, तर नुसता गोंगाट होतो. काय चुकतंय?
– एक वाचक, जालना

उत्तर : खर्जात जवळजवळचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. तिथे फक्त षड्ज-पंचम किंवा षड्जाची दोन सप्तकं ठेवा, गंधार वर व्हायोलांना द्या. डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, तेही हिशेबात धरा. ट्रॉम्बोन मात्र राखून ठेवा. १२९६ च्या अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरच्या स्वारीला ते हवेतच. अंधारी या किल्ल्यातल्या काळोख्या भुयारासाठी तंतुवाद्यांना म्यूट (आवाज दबवणारा चाप) लावून बासरी मंद्र स्वरांत ठेवा. त्या स्वरांत बासरीला जोर नसतो, म्हणून तेवढा वेळ संबळ पूर्ण थांबवा. आणि ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारे शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्याच दरबारातले. स्वारीआधीच्या त्या सुरेल देवगिरीला चांगली दोन मिनिटं द्याच.