रिमूव्ह कर्स टाकला की शापित कुऱ्हाड शुद्ध होते का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात असं होत नाही म्हणणारा तुमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, बरोबर आहे. बार्बेरियनच्या हातातल्या बर्सर्कर अ‍ॅक्स या शापित कुऱ्हाडीवर तुमच्या ५व्या लेव्हलच्या क्लेरिकने (पुजारी पात्राने) रिमूव्ह कर्स हा शाप काढायचा मंत्र टाकला, तरी कुऱ्हाड शुद्ध होत नाही. पाचव्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिलंय: शापित वस्तूवर हा मंत्र टाकला की फक्त मालकाचं अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी जुळलेला जादुई बंध, तुटतं, वस्तूतला शाप वस्तूतच राहतो. जुन्या ३.५ आवृत्तीतही शस्त्र आणि चिलखताच्या बाबतीत हेच होतं. मंत्र टाकल्यावर कुऱ्हाड लगेच दुसऱ्याने उचलायची. तिथेच ठेवून पार्टी शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीला बसली, तर तासाभरात बार्बेरियन पुन्हा अट्यून होतो आणि तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) पाण्यात जातो.

प्रश्न इथे संपला असता. पण खाली एकाने 'शाप काढा, एचपी ठेवा' असं लिहिलंय (एचपी म्हणजे पात्राचे जीवनगुण), आणि याच वाक्यावरून आमच्या जुळे सोलापूरच्या टेबलावर अख्खं कॅम्पेन अडलं होतं. पॅलाडिन खेळणाऱ्याचं म्हणणं असं की पैसे आणि स्लॉट आम्ही मोजले, तर कुऱ्हाडीचा +१ही (वार करताना मिळणारी भर) राहिला पाहिजे आणि प्रत्येक लेव्हलमागे मिळणारा एक जादा एचपीही. हा निव्वळ हावरटपणा आहे. तो एचपी म्हणजे गळाला लावलेलं आमिष, त्याच्यासाठीच तर माणूस कुऱ्हाड हातात धरतो. आमिष तेवढं ठेवून गळ काढा म्हणायचं, तर मग शाप हवाच कशाला? पुस्तकातही याला आधार आहे. २०१४ च्या डीएम गाइडमधली सोर्ड ऑफ व्हेंजन्स बघा: तिच्यावर बॅनिशमेंट हा हद्दपारीचा मंत्र टाकला की आतला आत्मा जातो आणि मागे साधी +१ तलवार उरते, बाकी काही नाही.

आमच्या डीएमने त्यावर जो विधी बसवला तो उचलण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर देतो. मूळ कल्पना गड्ड्याच्या यात्रेतली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. तसंच गेममध्ये गावाभोवती दगड ठेवायचे, जितके खेळाडू तितके. आमचे चार होते. कुऱ्हाड जाड कापडात गुंडाळून न्यायची, वाटेत जमिनीला टेकवायची नाही, आणि पहिला दगड ते शेवटचा दगड यात लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) नाही.

आधी सामान. दगडामागे होली वॉटरच्या दोन बाटल्या, म्हणजे आठ. एका बाटलीला २५ जीपीची (सोन्याच्या नाण्यांची) चांदीची पूड, एक तास आणि पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट लागतो. ५व्या लेव्हलच्या क्लेरिकला असे चारच स्लॉट, म्हणजे खर्च २०० जीपी आणि दिवस दोन. त्या दोन दिवसांत ब्लेस, क्युअर वूंड्स काही टाकायचं झालं तर वरचे स्लॉट जाळा. डीएमने नेमका इथेच हल्ला आणायचा, नाहीतर हा टप्पा नुसता हिशोब होतो.

प्रत्येक दगडावर एकेक खेळाडू. पहिल्याला रिलिजन या कौशल्याचा डीसी (रोलमध्ये गाठायचा आकडा) १२, दुसऱ्याला अर्काना १३, तिसऱ्याला पर्सुएशन १४, कारण तिसऱ्या दगडापाशी कुऱ्हाड बोलू लागते. शेवटच्या दगडावर ती पुन्हा बार्बेरियनच्या उघड्या हातात द्यायची आणि डीसी १५ चा विझडम सेव्ह (मनाने प्रतिकार करायचा रोल), म्हणजे कुऱ्हाड भडकवते तेव्हाचाच आकडा. दोनपैकी एक बाटली प्रत्येक वेळी पात्यावर ओतायचीच. दुसरी रोलच्या आधी ओतली तर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोनदा रोल करून मोठा आकडा घ्यायचा. रोल बघून मग ओतू द्यायची नाही, यावर ठाम राहा.

एकही रोल हुकला नाही तर कुऱ्हाड साधी +१ होते, जादा एचपी जातो. एक हुकला तर एखादी खोड राहते: आमची कुऱ्हाड अजून भांडणाचा आवाज आला की म्यानातल्या म्यानात गरम होते. दोन किंवा जास्त हुकले तर पातं तडकतं आणि आतलं जे आहे ते बाहेर येऊन लढतं.

हे बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने: सगळे चेक क्लेरिकच करतो आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात. म्हणून माणशी एक दगड. आणि आमच्यासारखं शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर खरं शेंगदाण्याचं तेल ओतू नका. दिसायला झकास दिसतं, पण दोन कॅरेक्टर शीट पार पारदर्शक झाल्या आणि एका डी२०चे (वीस बाजूंच्या फाशाचे) आकडे वाचता येईनात.

हा विधी होमब्रू, म्हणजे आमचा घरगुती नियम आहे, पुस्तकात शोधू नका. आर्टिफॅक्टला (अतिशक्तिमान जादुई वस्तूंना) तो लावू नका, त्यांचे नाश करायचे मार्ग त्यांच्याच वर्णनात असतात. उदाहरणार्थ, वेक्नाचा हात आणि डोळा हे दोन आर्टिफॅक्ट नष्ट करायला, ते एकाच अंगावर असताना त्या माणसाला कासच्या तलवारीने मारावं लागतं, तिथे आठ बाटल्यांनी काय होणार? आणि तुमच्या डीएमची कुऱ्हाड सेंटियंट असेल, म्हणजे तिला स्वतःची बुद्धी असेल, तर शुद्धीकरण म्हणजे एका कॅरेक्टरला मारणं आहे. मग आधी तिच्याशी बोलून बघा. तिच्याशी खटका उडाला तर करिश्मा सेव्हचा डीसी १२ अधिक तिचा करिश्मा मॉडिफायर.

डीएमला होमब्रू नको असेल, तर त्याला कुऱ्हाडीत आत्मा आहे असं ठरवायला सांगा आणि सोर्ड ऑफ व्हेंजन्सचा नियम मागा. बॅनिशमेंट चौथ्या लेव्हलचा आहे, क्लेरिकला तो ७व्या लेव्हलला मिळेल. तोवर कुऱ्हाड बार्बेरियन सोडून कुणाच्याही बॅग ऑफ होल्डिंगमध्ये (जादुई झोळीत) राहू द्या, आणि रात्री पहाऱ्याला बार्बेरियनला एकटं बसवू नका.