धर्मशिक्षणाच्या वर्गात नव्या मुलांना आपलेपणा कसा वाटेल?

तुमचा प्रश्न असा की, नव्या कॉम्प्लेक्समधली मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गात मागे गप्प बसतात, गावातली मुलं आपसातच रमतात. मग ‘देवाच्या घरी सगळ्यांचं स्वागत’ हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवायचं कसं?

मी वसईत याच वयाच्या मुलांचा वर्ग घेते. आमच्याकडे गावातली मुलं घरी सामवेदी बोली बोलतात आणि वर्गात निम्मी तरी एकमेकांची आतेमामेभावंडं असतात. नवा मुलगा मंगळूरकडचा नाहीतर तमिळ घरातला. त्याला प्रभूची प्रार्थना इंग्रजीत पाठ असते, म्हणून मराठीत सुरू झाली की तो नुसता उभा राहतो.

‘त्याच्याशी चांगलं वागा’ एवढंच वर्गाला सांगू नका. त्याने तो कायमचा पाहुणा होतो. पाहुण्याला आपण पाणी देतो, खुर्ची देतो. काम मात्र घरच्या माणसालाच सांगतो. म्हणून त्याला लवकरात लवकर काम द्या: हजेरीची वही, मेणबत्ती लावणं, नाताळचा गोठा. तेही गावातल्या एखाद्या मुलाच्या जोडीने.

यासाठी मला बायबलमधली जक्कय या जकातदाराची गोष्ट (लूक १९) सगळ्यात जवळची वाटते. जकातदार म्हणून लोक त्याला दूर ठेवत. उंबरावर चढून बसलेल्या त्या माणसाला येशू ‘ये, आमच्यात उभा राहा’ असं म्हणत नाही. आज मी तुझ्याच घरी उतरणार, असं सांगतो. ज्याला सगळ्यांनी बाजूला टाकलं, त्यालाच यजमान करतो! मग लोक कुरकुर करतात, आणि तिथे मी थांबते. लोक का चिडले, हे मुलांनाच विचारा. ‘येशू आपल्या घरी यावा असं त्यांनाही वाटत होतं’ असं कुणीतरी म्हणतंच. गावातल्या मुलांच्या मनातली भीती तीच असते. नवीन आला म्हणजे आपली जागा जाईल, ही. ती उघड बोलली गेली की वर्ग सैल होतो.

इथल्या मुलांना वसईच्या संत गोन्सालो गार्सियांबद्दल जरूर सांगा. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये त्यांनी जेझुइट या संन्यासी संघाबरोबर धर्मशिक्षक म्हणून काम केलं, तिथली भाषा शिकले, पण त्या संघात त्यांना घेतलं नाही. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. ज्यांच्या नावाचा सण आपण करतो, त्यांनाही कुणीतरी दाराबाहेर ठेवलं होतं, हे ऐकल्यावर मुलं गंभीरपणे विचार करतात. हा भाग मोठी माणसं सहसा गाळतात. गाळू नये.

एक अवघड प्रसंग मात्र येणारच. वर्गातला कुणी ख्रिस्ती नसलेल्या मित्राला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, घेऊन येतो आणि विचारतो, ‘टीचर, याला कम्युनियन का नाही?’ प्रश्न टाळू नका. कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर घेण्यासाठी, आधी बाप्तिस्मा आणि तयारी लागते, तूही दोन वर्षं तयारी करतोयस, पण बाकावर त्याची जागा तुझ्या शेजारीच, असं सरळ सांगा. काही ठिकाणी अशी मुलं छातीवर हातांची फुली करून रांगेत येतात आणि फादर आशीर्वाद देतात. तुमच्याकडे चालतं का, ते फादरना आधी विचारा, आणि त्या मुलाच्या आईबाबांनाही.