वॉरगेमिंग स्पर्धेत खिलाडूवृत्तीचे गुण न्याय्य कसे ठेवावेत?

आपण विचारले आहे की वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या मॉडेलांच्या सेना टेबलावर फाशांनी लढवण्याच्या खेळाच्या, सोळा खेळाडूंच्या आणि तीन फेऱ्यांच्या स्पर्धेत प्रत्येकाने आपल्या प्रतिस्पर्ध्याला खिलाडूवृत्तीसाठी दहापैकी गुण द्यावेत आणि ते एकूण गुणांत मिळवावेत, ही योजना योग्य ठरेल का. इंदूरमध्ये अशा छोट्या स्पर्धांना मी पंच म्हणून उभा राहतो, आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. खिलाडूवृत्तीची दखल अवश्य घ्यावी; परंतु प्रतिस्पर्ध्याच्या मताला आकडा चिकटवून तो विजेतेपदाच्या हिशेबात धरू नये.

पहिली अडचण पट्टीची आहे. काही तक्रार नसली की एक जण सरळ दहा गुण देतो, तर दुसऱ्याच्या लेखी सात म्हणजेच उत्तम असते, कारण दहा तो कोणालाच देत नाही. तिन्ही फेऱ्यांत असे कडक परीक्षक ज्याच्या वाट्याला येतील, त्याचे कोणताही दोष नसताना नऊ गुण जातील. आणि आपल्या स्पर्धेत एका डावाचे कमाल गुण वीस असतील, तर हा तोटा जवळजवळ अर्ध्या डावाइतका आहे. दुसरी अडचण मनःस्थितीची. सहा बाजूंच्या फाशावर केवळ एक पडला तरच सेनापती मरणार असतो आणि नेमका एक पडतो; ज्याच्यावर ही वेळ आली त्याच्या हाती पाच मिनिटांत गुणांची चिठ्ठी दिली, तर तो प्रतिस्पर्ध्याला गुण देईल की फाशाला, हे त्यालाही सांगता येणार नाही. तिसरी अडचण सरळ स्वार्थाची. जो अजून बक्षिसाच्या शर्यतीत आहे, त्याने आपल्याला हरवणाऱ्यास चार गुण दिले की त्याचा स्वतःचा फायदा होतो, आणि मित्रमंडळी एकमेकांना दहा-दहा गुण देतात तेव्हा लग्नातल्या आहेरासारखी परतफेड चालू होते.

चिठ्ठ्या गुप्त ठेवल्याने यातले फारसे काही सुटत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण रामबाग किंवा लोकमान्यनगर भागातले आणि एकमेकांचे शाळासोबती असतात, उरलेले भोपाळ-उज्जैनहून येतात. इतक्या लहान मेळ्यात कमी गुण कोणी दिले हे चहाच्या सुट्टीतच कळते. शिवाय इंदुरी माणूस मोठ्याने बोलत आणि चेष्टा करत खेळतो, ते बाहेरगावच्या अबोल खेळाडूला उद्धट वाटू शकते, आणि त्याचा अबोलपणा आमच्या लोकांना आखडूपणा वाटतो. यात खिलाडूवृत्तीचा प्रश्न कोठेच नाही, पण गुण मात्र दोघांचेही जातात.

सेनेतल्या मॉडेलांच्या रंगकामाच्या बाबतीत हा गुंता बराच सुटलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘वॉरहॅमर 40,000’ या वॉरगेमिंगच्या खेळाच्या 2020 मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत सेना ठरावीक किमान पातळीपर्यंत रंगवलेली असेल तर शंभरपैकी दहा गुण मिळत, नसेल तर मिळत नसत. प्रतिस्पर्ध्याला रंगसंगती आवडली की नाही, हे कोणी विचारत नसे. वर्तनाचेही असेच करता येते. प्रत्येक खेळाडूच्या खात्यावर आरंभीच पूर्ण गुण जमा असावेत, आणि ते केवळ पंचाने, टेबलापाशी त्याच वेळी बोलावले गेल्यावर, स्वतः पाहून किंवा दोघांचे ऐकून कापावेत. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल हे संघ गुण, गोलफरक आणि केलेले गोल या सर्वांत बरोबरीत असताना जपान पुढे गेला, तो चार विरुद्ध सहा पिवळ्या कार्डांच्या हिशेबावर. पण ती कार्डे पंचांनी दाखवली होती, एका संघाने दुसऱ्याला नव्हे.

पंचाला बोलावण्याजोगी कृती कोणती, हे नियमपत्रिकेत नेमके लिहावे. उदाहरणार्थ, टेपचे टोक मॉडेलच्या बेसच्या (ज्या चकतीवर ते उभे असते तिच्या) पुढच्या कडेला लावून सहा इंच मोजायचे आणि मॉडेल हलवल्यावर त्याची मागची कडा त्या खुणेवर टेकवायची, ही जुनी लबाडी आहे. 32 मिलिमीटरच्या बेसवर तिने दर चालीत सव्वा इंच फुकट मिळतो. अनेकदा ती अजाणता होते, म्हणून पहिल्या वेळी केवळ चाल दुरुस्त करावी, दुसऱ्या वेळी ताकीद द्यावी आणि मगच गुण कापावेत. फासे दुसऱ्याने पाहण्याआधी उचलणे, विचारले असता आपल्या तुकडीचे नियम न सांगणे, तिरपा पडलेला फासा सोयीप्रमाणे ग्राह्य धरणे, हेही यात येते. मुद्दाम हळू खेळण्याची तक्रार सर्वांत कटू असते, पण तिला पंचापेक्षा बुद्धिबळाचे घड्याळ बरे: अडीच तासांच्या फेरीत प्रत्येकाला पंचाहत्तर मिनिटे दिली की वाद उरत नाही. ‘याच्याशी पुन्हा खेळाल का?’ हा प्रश्न बऱ्याच चिठ्ठ्यांवर असतो, तो मात्र ठेवू नये. तो पुन्हा मनःस्थितीच मोजतो.

प्रतिस्पर्ध्यांचे मत हवेच असेल, तर त्याला स्वतंत्र बक्षीस ठेवावे. फ्लाइंग डिस्कच्या (हवेत फेकायच्या चकतीच्या) ‘अल्टिमेट’ या सांघिक खेळात संघ एकमेकांना पाच बाबींत प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात, आणि त्यात दोन म्हणजे नेहमीचे चांगले वर्तन असे आधीच ठरलेले असल्याने पट्टीची अडचण बरीच कमी होते. शिवाय ते गुण सामन्याच्या निकालात मिळवले जात नाहीत. सोळा जणांच्या स्पर्धेला एवढाही पसारा नको. शेवटच्या फेरीनंतर, निकाल लावण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांपैकी ज्याच्याशी खेळताना सर्वाधिक आनंद झाला त्याचे एकच नाव लिहून द्यावे. प्रत्येकाकडे एकच मत असल्याने कोणाला हात सैल सोडता येत नाही, आणि नाव न आल्याने कोणाचे काही कापले जात नाही. क्रम मात्र लावायला सांगू नये, कारण तिघेही सज्जन असले तरी कोणालातरी तिसरे ठरवावे लागते. मते समान पडली तर मी बक्षीस खेळाच्या गुणतक्त्यात खाली असलेल्याला देतो. तिन्ही डाव हरून हसतमुख राहणे हे जिंकून हसतमुख राहण्यापेक्षा अवघड असते, असे माझे मत आहे.

ऐन वेळी कोणी गळाला आणि खेळाडूंची संख्या विषम झाली, तर बाय मिळालेल्याला, म्हणजे ज्याला त्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसतो त्याला, मत देणारा एक जण कमी होतो. तेथे सरासरी काढत बसण्यापेक्षा आयोजकांपैकी एकाने आपली सेना आधीच भरून तयार ठेवावी आणि त्या टेबलावर खेळायला बसावे. त्याचे मत धरावे, त्याला मात्र बक्षीस देऊ नये.