निवडणुकीच्या अजब बातम्या ग्रुपवर येतात. त्यातल्या खऱ्या कोणत्या आणि त्या तपासायच्या कशा?

प्रश्नकर्त्याने मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या सहा गोष्टी दिल्या आहेत: एका मतदारसंघात हजारावर उमेदवार, एकाच नावाच्या उमेदवारामुळे पडलेला नेता, घरात नऊ माणसं असून पाच मतं मिळालेला अपक्ष, चिठ्ठी काढून ठरलेला नगरसेवक, मत न दिल्यास खात्यातून ३५० रुपये कपात, आणि १४ टक्क्यांवर 'टेंडर' मतं पडली तर फेरमतदान. यातल्या खऱ्या किती, आणि पुढे पाठवण्याआधी खात्री कशी करायची, असं विचारलं आहे.

पहिली आणि चौथी खरी. दुसरीतले आकडे खरे, पण 'त्यामुळेच पडला' हा अंदाज. तिसरी अर्धवट. शेवटच्या दोन निव्वळ थापा.

निवडणुकीतला खरा विचित्रपणा बहुतेक वेळा एखाद्या नियमातूनच येतो. म्हणून बातमी वाचून हसू आलं की आधी विचारायचं, हे कोणत्या नियमाने शक्य झालं? नियम सापडला तर पुढचा तपास सोपा असतो. सापडला नाही, किंवा मेसेजमध्ये दिलेलं कलम भलत्याच विषयाचं निघालं, तर पुढे शोधायची गरजही फारशी उरत नाही.

हजार उमेदवारांची गोष्ट १९९६ची, तामिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघातली. शेतकऱ्यांच्या मागण्यांकडे लक्ष जावं म्हणून तिथे १,०३३ जण उभे राहिले. मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली. ८८ उमेदवारांना शून्य मतं आणि १५८ जणांना प्रत्येकी एकच मत पडलं. निवडून आल्या द्रमुकच्या सुब्बुलक्ष्मी जगदीशन. त्याच वर्षी लोकसभेला आंध्रातल्या नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नावर ४८० उमेदवार होते आणि बेळगावात ४५६. बेळगावची गर्दी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सीमाप्रश्नावरच्या निषेधाची. हा प्रयोग तिथे नवाही नव्हता, १९८५च्या विधानसभेला बेळगाव शहरात ३०१ जण उभे होते.

नियम काय होता? अनामत रक्कम लोकसभेला ५०० रुपये आणि विधानसभेला २५०. १९५१च्या कायद्यातले हे आकडे १९९६ उजाडला तरी तसेच होते. सूचकही, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, एकच पुरत असे. म्हणजे निषेध नोंदवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग उमेदवारी अर्ज हाच होता. त्या उन्हाळ्यानंतर कायदा बदलला. अनामत लोकसभेला १०,००० आणि विधानसभेला ५,००० झाली, पुढे २०१०मध्ये ती २५,००० आणि १०,०००वर गेली (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी). अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागू लागले. त्यामुळे कोणी 'यंदा अमुक ठिकाणी १,०३३ उमेदवार' असं पाठवलं तर ती जुनीच बातमी वर्ष खोडून फिरते आहे, असं समजायला हरकत नाही.

तरी दर वाढला म्हणून गर्दी थांबली असं नाही. २०१९मध्ये तेलंगणातल्या निझामाबादला १८५ उमेदवार होते, त्यातले १७८ शेतकरी, मुख्यतः हळदीच्या भावासाठी उभे राहिलेले. सर्वसाधारण दराने धरलं तर या १७८ जणांची नुसती अनामत ४४ लाख ५० हजार होते. अशा बातमीची पडताळणी मतदान यंत्राच्या हिशोबानेही होते. एका बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या भागावर, १६ बटणं असतात, आणि सगळ्या युनिटांत मिळून एक बटण नोटाला ('यापैकी कोणीही नाही') जातं. जुन्या एम-२ यंत्राला चारच युनिट जोडता येतात, म्हणजे नोटासह ६४ नावं. नंतरच्या एम-३ यंत्राला २४ युनिट, म्हणजे ३८४. निझामाबादला १८५ अधिक नोटा, एकूण १८६, भागिले १६, म्हणजे ११च्या वर, म्हणून १२ युनिट. आणि प्रत्येक केंद्रावर खरोखर १२ युनिटच लावली होती. ३८४च्या वर गेलं की मतपत्रिका छापाव्या लागतात. त्यामुळे 'यंत्रावर ५०० उमेदवार' असं लिहिलेलं दिसलं की तो मेसेज तिथेच बाद.

आता नावांचा खेळ. यात आपल्याकडची उदाहरणं ठळक आहेत. २०१४ला रायगडमध्ये सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली. त्याच वर्षी छत्तीसगडच्या महासमुंदमध्ये भाजपच्या चंदूलाल साहूंसमोर त्याच किंवा जवळजवळ त्याच नावाचे दहा जण उभे होते. अजित जोगींना हरवून ते जेमतेम १,२१७ मतांनी वाचले. २०२४ला हा खेळ नावावरून चिन्हावर गेला. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि मुक्त चिन्हांच्या यादीत एक साधं वाद्य, जे मराठीत 'तुतारी' म्हणूनच छापलं गेलं आणि लोकांनी पुढे त्याला पिपाणी म्हटलं. साताऱ्यात पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं होती. दिंडोरीत त्याच पक्षाचे भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी जिंकले, पण तिथेही पिपाणीने लाखाच्या वर मतं नेली आणि त्या उमेदवाराचं आडनावही भगरेच होतं.

हे थांबवत का नाहीत, असा प्रश्न ग्रुपवर हमखास येतो. नाव सारखं आहे म्हणून उमेदवारी नाकारायला कायद्यात जागाच नाही. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या विषयावरची याचिका ऐकून घेतली नाही. निवडणूक नियमांत एवढंच आहे की दोन नावं सारखी असतील तर व्यवसाय किंवा पत्ता जोडून ती वेगळी दाखवायची. २०१५पासून मतपत्रिकेवर फोटो येतो तोही यासाठीच. शिवाय यंत्रावरचा क्रम ठरलेला असतो: आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्ष, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णक्रम. त्यामुळे नामसाधर्म्याचा अपक्ष खऱ्या उमेदवाराला अगदी चिकटून सहसा येत नाही, खाली कुठेतरी असतो. घाईत बटण दाबणाऱ्याला तेवढं अंतर पुरेसं पडत नाही, हा भाग वेगळा.

इथे फॉरवर्ड करणारे एक गफलत करतात. डमीची, म्हणजे सारख्या नावाच्या किंवा चिन्हाच्या उमेदवाराची, मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त आहेत, हे गणित झालं. ती सगळी मतं चुकूनच पडली, हा अंदाज. रायगडचे ९,८४९ मतदार सगळेच फसले असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आकडे पाठवा, पण 'यामुळेच हरले' हे स्वतःचं मत आहे हे कळू द्या.

पाच मतांचा अपक्ष जालंधरचा. २३ मे २०१९ला मतमोजणी चालू असताना त्याचा रडतानाचा व्हिडिओ आला: घरात नऊ माणसं, मतं पाच. व्हिडिओ खरा, पण आकडा सुरुवातीच्या फेऱ्यांतला होता. मोजणी संपली तेव्हा त्याच्या नावावर ८५६ मतं होती. मोजणीच्या दिवशीच्या कुठल्याही स्क्रीनशॉटला हीच अडचण असते. शून्य मतांच्या बातमीवर 'स्वतःचं मतही मिळालं नाही' असा शेरा असतो, तो मात्र बऱ्याचदा खरा असतो आणि त्यात नवल काही नाही. विधानसभेला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार उभा राहू शकतो, लोकसभेला बहुतेक ठिकाणी देशातल्या कुठल्याही. उमेदवाराचं नाव दुसरीकडच्या यादीत असेल तर तो स्वतःला मत देणार कसा?

चिठ्ठीचं थोडक्यात सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५नुसार समसमान मतं पडली की चिठ्ठी काढतात आणि ज्याच्या नावाची निघेल त्याला एक जादा मत मिळालं असं धरतात. महापालिकांना त्यांचे स्वतःचे कायदे आहेत, पद्धत तीच. २०१७ला मुंबईच्या प्रभाग २२०मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांची मतं सारखी झाली, आणि चिठ्ठी शाहांची निघाली.

आता थापा. ३५० रुपयांचा मेसेज २०१९मध्ये एका हिंदी वृत्तपत्राच्या होळीच्या थट्टेच्या मजकुरातून निघाला. 'बुरा न मानो होली है'चा भाग कापला गेला, कात्रण उरलं, आणि ते आजही प्रत्येक निवडणुकीला उगवतं. भारतात मतदान सक्तीचं नाही आणि आयोगाला कोणाच्या बँक खात्याला हात लावायचा अधिकार नाही. नियम नाही, विषय संपला.

१४ टक्क्यांचा मेसेज जास्त बेरकी आहे, कारण त्यात खरे शब्द खोट्या जागी बसवले आहेत. त्यात म्हटलेलं असतं, यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून 'कलम ४९अ'खाली 'चॅलेंज व्होट' मागा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत दिलं असेल तर 'टेंडर व्होट' द्या. आणि अशी मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान. एकेक धागा सोडवू. निवडणूक नियम, १९६१ मधला ४९अ हा मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. आक्षेपाचा नियम ४९जे आहे आणि तो मतदारासाठी नाहीच: समोरचा माणूस तोतया वाटला तर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरून त्याच्या ओळखीवर आक्षेप घेतो. यादीत नाव नसेल तर कुठलंही कार्ड दाखवून मत देता येत नाही. टेंडर व्होट, म्हणजे प्रदत्त मत, मात्र खरं आहे, नियम ४९पी. तुमचं नाव यादीत आहे, पण तुमच्या आधीच कोणी येऊन मत देऊन गेलं, तर केंद्राध्यक्ष तुमची ओळख तपासतो, नमुना १७ब मध्ये सही घेतो आणि कागदी मतपत्रिका देतो. तुम्ही त्यावर शिक्का मारून, घडी घालून त्याच्याच हातात द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते. यंत्राचं बटण दाबायला मिळत नाही आणि मोजणीच्या दिवशी हे मत मोजलं जात नाही. निवडणूक याचिकेत उच्च न्यायालयाने मागवलं तरच ते पाकीट उघडतं. १४ टक्के हा आकडा नियमांत कुठेच नाही.

नोटाबद्दल अजून मेसेज आला नसेल तर येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. 'नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द' हे लोकसभा-विधानसभेला लागू नाही; नोटानंतर ज्याची मतं जास्त तो जिंकतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये तसा फेरनिवडणुकीचा आदेश काढला, म्हणून मेसेज अर्धा खरा वाटतो. नोटाचा दुसरा क्रमांक आपण पाहिला आहे: २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुखांनंतर नोटाच होती, सुमारे साडेसत्तावीस हजार मतांची, आणि शिवसेनेचा उमेदवार तिच्या मागे.

प्रत्यक्ष तपासताना मी सुरुवात बातमीपासून करत नाही, कागदापासून करतो. उमेदवार किती आणि कोण, हे नमुना ७अ मध्ये, म्हणजे निवडणूक लढवणाऱ्यांच्या अंतिम यादीत असतं. अर्ज भरलेले, छाननीत टिकलेले आणि माघारीनंतर उरलेले हे तीन वेगळे आकडे असतात. ग्रुपवर नेमका पहिला, म्हणजे सर्वांत मोठा फिरतो. मतांचा आकडा आयोगाच्या निकालाच्या पानावर, आणि केंद्रनिहाय हवा असेल तर नमुना २० मध्ये, जो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळतो. 'आमच्या गावात अमक्याला एकही मत नाही' अशा दाव्याचा निकाल नमुना २०शिवाय लागत नाही. केंद्र क्रमांक मात्र त्याच वर्षीच्या केंद्रांच्या यादीशी जुळवून घ्या, कारण ते बदलतात आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात.

संपत्तीच्या बातम्या नमुना २६च्या शपथपत्रावरून तपासा. पण शपथपत्रात आहे म्हणजे खरं आहे, असं नाही. २०१९च्या तामिळनाडूतल्या पेरांबूर पोटनिवडणुकीत एका उमेदवाराने १.७६ लाख कोटी रुपये रोख आणि जागतिक बँकेचं चार लाख कोटींचं कर्ज दाखवलं, आणि अर्ज मंजूर झाला. कारण निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरले आहेत का ते पाहतो, आकडे खरे आहेत का ते नाही. तेच तर त्या गृहस्थाला दाखवून द्यायचं होतं.

वृत्तपत्राचं कात्रण आलं तर त्या जिल्हा आवृत्तीचं त्या तारखेचं ई-पेपर उघडा. बनावट कात्रणात तारखेची पट्टी जवळजवळ कधीच नसते. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून सर्वांत जुनी तारीख शोधा. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो किमान पाच हातांतून आला आहे, म्हणजे ग्रुपवर टाकणाऱ्याला मूळ कुठलं ते माहीत असण्याची शक्यता कमी. निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४मध्ये अशा अफवांची खोटं-खरं नोंदवही संकेतस्थळावर सुरू केली, तीही एकदा चाळा.

पुढे पाठवताना चार गोष्टी जोडा: ठिकाण, वर्ष, कोणती निवडणूक, आणि नियम. उदाहरणार्थ: 'निझामाबाद, लोकसभा २०१९, १८५ उमेदवार, १२ बॅलट युनिट, एम-३ची मर्यादा नोटासह ३८४.' असा मेसेज दहा ग्रुप फिरून परत आला तरी खराच राहतो. आणि मतदान चालू असताना कोणी 'एक्झिट पोल फुटला' म्हणून पाठवला तर खरा असो वा खोटा, तो पुढे ढकलू नका. कलम १२६अ प्रमाणे ठरलेल्या वेळेआधी तो कुठल्याही मार्गाने पसरवणं हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.