फॉल्ट आणि मिस्टेक एकच का?

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात राहते. पोरगा आठवीला सेमी इंग्लिशला आहे. परवा त्यानं वहीत 'आय डिड अ फॉल्ट' लिहिलं तर बाईंनी लाल पेनानं खोडून 'मिस्टेक' लिहून दिलं. आमच्याकडचा वायरमन तर रोज फॉल्ट फॉल्टच म्हणतो. मग फॉल्ट म्हणजे चूक नाही का? पोरगं विचारतंय आणि मला सांगता येईना.

उत्तर : ताई, बाईंचं बरोबर आहे, पण पोरानं शब्द कुठून उचलला तेही मला कळतंय. मिस्टेक ही करायची गोष्ट आहे, सात आठे चोपन्न लिहिलं की झाली मिस्टेक. फॉल्ट करत नाहीत, तो असतो, वस्तूत नाहीतर माणसाकडं.

गेल्या पावसाळ्यात आमची साताऱ्यात रात्री लाईट गेली, वायरमनदादा भर पावसात बॅटरी मारत एकेक खांब बघत गेले, दीड तासानं एका खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलेला दिसला आणि तिथनंच ओरडले, फॉल्ट सापडला! आता यात चूक कुणीच केली नव्हती, तरी फॉल्ट होता. म्हणजे इथं बिघाड, खोट.

माणसाच्या बाबतीत तोच शब्द दोषावर जातो. 'इट वॉज माय फॉल्ट' म्हणजे माझ्यामुळं झालं, जबाबदारी माझी. म्हणून पोरांना उठसूट 'युअर फॉल्ट' म्हणू नये असं मला मनापासून वाटतं, वहीतली चूक खोडता येते पण हा शब्द पोराच्या जिव्हारी लागतो. 'फाइंड फॉल्ट' म्हणजे तर आपलं खोट काढणं, अगदी जसंच्या तसं.

अजून एक फॉल्ट तुमच्या शेजारच्या पाटण तालुक्यातला. खडकाला भेग पडून एक बाजू दुसरीच्या मानानं सरकते तो फॉल्ट, मराठीत भ्रंश. हा मूळचा खाणवाल्यांचा शब्द, कोळशाचा थर खणत जाता जाता मधेच तुटायचा, पुढं नुसता दगड, कारण थर वर नाहीतर खाली सरकलेला असायचा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तो असाच फॉल्टवर खडक सरकून, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर पोराला त्यांच्याकडनं ऐकू द्या.

शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा स्पेलिंगमध्ये एल नव्हता, लॅटिन मुळाशी जुळावं म्हणून तो नंतर घातला. त्या मूळ शब्दाचा अर्थ चकवणं, फसवणं, आणि फेल, फॉल्स हे पण त्याच घरातले.

आणि हो, त्या वाक्यात नुसता फॉल्ट बदलून भागणार नाही, 'डिड' पण बदलावं लागेल. 'आय मेड अ मिस्टेक' असं लिहायला सांगा.